‘स्पिरिट अ‍ॅनिमल’ निवडता येतो का? ‘टोटेम’ या शब्दामागची खरी गोष्ट

पाच प्रश्न असतात. आवडता ऋतू कोणता, राग आला की काय करता, डोंगर की समुद्र, वगैरे. शेवटी स्क्रीनवर लांडगा येतो आणि खाली लिहिलेलं असतं की तुम्ही एकटे चालणारे, पण निष्ठावान आहात. लगेच स्क्रीनशॉट, स्टोरी, तीन मैत्रिणींना टॅग. घुबड आलं तर मात्र मराठी घरात ते फारसं कुणी शेअर करत नाही.

अशा क्विझमध्ये ‘स्पिरिट अ‍ॅनिमल’, ‘पॉवर अ‍ॅनिमल’ आणि ‘टोटेम’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने फिरत असतात. तुमच्या स्वभावाशी जुळणारा, तुम्हाला मार्ग दाखवणारा प्राणी, असा तो अर्थ. यातला ‘टोटेम’ हा शब्द मात्र एका विशिष्ट समाजाचा आहे. आणि त्या समाजात त्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे.

शब्द आला कुठून?

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर पाच प्रचंड मोठी सरोवरं आहेत, ग्रेट लेक्स. त्या भागातले मूळ रहिवासी म्हणजे अनिशिनाबे लोक. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी हे समाज त्यांच्यातलेच. ओजिब्वे भाषेतला ‘डूडेम’ हा शब्द इंग्रजीत जाऊन ‘टोटेम’ झाला.

या शब्दाचं व्याकरणच खूप काही सांगतं. ओजिब्वे भाषेत तो सुटा वापरत नाहीत. ‘माझं डूडेम’, ‘तुझं डूडेम’ असंच म्हणावं लागतं, कारण तो नात्याचा शब्द आहे. डूडेम म्हणजे कुळ, आणि त्या कुळाची ओळख असलेला प्राणी. ते वडिलांकडून मिळतं. क्रौंच कुळातल्या माणसाची मुलं क्रौंच कुळातलीच, मग त्यांचा स्वभाव अस्वलासारखा का असेना. एकाच डूडेमच्या मुला-मुलीचं लग्न होत नाही, कारण ते भावंडं मानले जातात. दूरच्या, अनोळखी गावात पोचलेला प्रवासी आपल्या डूडेमचं घर शोधायचा आणि तिथे त्याला नातेवाइकासारखं जेवण आणि निवारा मिळायचा.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटायला नको. लग्नात ‘देवक बसवतात’ ते आठवा. कुणाचं देवक कळंबाची फांदी, कुणाचं पंचपल्लव, मोरे घराण्याचं मोराचं पीस. एक देवक असलेल्यांमध्ये सोयरीक करायची नाही, हा नियम अनेक समाजांत पाळला जायचा. ‘माझ्या पर्सनॅलिटीला मोरपीस सूट होत नाही’ म्हणून कुणी देवक बदलल्याचं ऐकिवात नाही.

एका व्यापाऱ्याचा घोळ

मग कुळाचा शब्द व्यक्तीचा कसा झाला? याची सुरुवात जॉन लाँग नावाच्या माणसापासून होते. तो फर विकत घेणारा व्यापारी आणि दुभाषा होता. १७९१ मध्ये लंडनमध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं आणि त्यात हा शब्द ‘टोटम’ असा पहिल्यांदा छापील इंग्रजीत आला.

लाँगने एक गोष्ट दिली आहे. अस्वल हा ज्याचा ‘टोटम’ होता, अशा एका शिकाऱ्याच्या हातून कळपावर गोळी झाडताना चुकून अस्वलच मेलं. परत येताना दुसऱ्या अस्वलाने त्याला खाली पाडलं, त्याचा चेहरा ओरबाडला आणि असं का केलंस म्हणून जाब विचारला. त्याने माफी मागितली, ती मिळालीही. पण आता आपल्याला कधीच शिकार मिळणार नाही या भीतीने तो खचून गेला होता.

गोष्ट जबरदस्त आहे, पण लाँगने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या. अनिशिनाबे परंपरेत व्यक्तीचा पाठीराखा आत्माही असतो. वयात येताना मुलं रानात एकटी राहून उपास करायची आणि स्वप्नात किंवा दर्शनात त्यांना असा पाठीराखा भेटायचा. तो प्राण्याच्या रूपात असू शकत होता. पण तो डूडेम नव्हे. तो कष्टाने मिळायचा, प्रत्येकाचा वेगळा असायचा आणि त्याबद्दल चारचौघांत बोलायचं नाही असा संकेत होता. म्हणजे आज स्टोरीवर टाकतात ते ‘स्पिरिट अ‍ॅनिमल’ ज्या गोष्टीच्या सगळ्यात जवळ जातं, तीच गोष्ट सांगायची नसायची!

उलट कुळाच्या प्राण्याची शिकार ओजिब्वे लोकांमध्ये सरसकट निषिद्ध नव्हती. अस्वल कुळातला माणूस रीतीप्रमाणे आदर राखून अस्वल मारू शकत होता. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्त्रोस यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात लाँगचा हा घोळ दाखवून दिला. पण तोवर दीडशेहून जास्त वर्षं उलटली होती. जेम्स फ्रेझर यांनी टोटेमवर चार खंड लिहिले होते, फ्रॉइडने १९१३ मध्ये त्यावर अख्खा सिद्धांत उभा केला होता आणि ऑस्ट्रेलियापासून आफ्रिकेपर्यंत जिथे माणूस आणि प्राणी यांचं नातं दिसेल तिथे हेच लेबल लावलं जात होतं. ‘टोटेम पोल’ म्हणून ओळखले जाणारे कोरीव लाकडी खांबही अनिशिनाबेंचे नाहीत. ते हायडा, क्लिंगिट वगैरे पॅसिफिक किनाऱ्यावरच्या समाजांचे आहेत. हे समाज हजारो किलोमीटर दूर राहतात आणि त्यांची भाषाही वेगळी आहे.

बाजाराने यात शेवटची भर घातली. १९८० मध्ये मायकल हार्नर यांच्या पुस्तकातून ‘पॉवर अ‍ॅनिमल’ शहरी वाचकांपर्यंत पोचला, १९८८ मध्ये प्राण्यांच्या चित्रांचे भविष्य सांगणारे पत्ते आले. क्विझ ही त्याचीच पुढची पायरी. पत्त्यांमध्ये निदान कुणीतरी समोर बसून बोलायचं.

प्राणी शिकवतात म्हणजे काय?

प्राण्याला गुरू मानणं ही कल्पना खोटी आहे, असं मात्र नाही. ओजिब्वे परंपरेत अस्वल हे औषधी वनस्पतींचं जाणकार मानलं जातं. ते कोणती मुळं उकरतं, काय खातं हे पाहून माणूस शिकला, असं सांगतात.

आपल्याकडेही श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, तेच दत्तात्रेयांचे चोवीस गुरू म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यात अजगर आहे, कबुतर आहे, कोळी आहे, मधमाशी आहे. याच स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली. गंमत म्हणजे यातले बरेच गुरू चुका करून शिकवतात. चवीच्या मोहाने मासा गळाला लागतो, गाण्याला भुलून हरीण सापडतं. क्विझमधला प्राणी तुमचं कौतुक करतो. हे गुरू तसं काही करत नाहीत.

सही म्हणून काढलेला प्राणी

ओजिब्वे इतिहासकार विल्यम वॉरन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कुळांची उत्पत्तिकथा लिहून ठेवली. समुद्रातून सहा जण वर आले. एकाचे डोळे झाकलेले होते. न राहवून त्याने झाकण उचललं, त्याची नजर एका माणसावर पडली आणि तो माणूस जागीच मेला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, नजरच तेवढी तीव्र होती. बाकीच्यांनी त्याला परत पाण्यात पाठवलं. उरलेल्या पाच जणांपासून पाच मूळ कुळं झाली: क्रौंच, लून नावाचा पाणपक्षी, कॅटफिश, अस्वल आणि मार्टेन हा झाडांवर राहणारा छोटा शिकारी प्राणी.

ही चित्रं पुढे राजकारणात कामाला आली. १७०१ मध्ये मॉन्ट्रियलला फ्रेंचांबरोबर मोठा शांतता करार झाला, तेव्हा अनिशिनाबे प्रमुखांनी सही म्हणून आपापल्या कुळाचे प्राणी काढले. सही एका माणसाच्या हातची होती, पण शब्द सगळ्या कुळाचा होता.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र १८४९ चं. सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेकडची जमीन ओजिब्वे लोकांनी करारांनी अमेरिकेला दिली होती आणि आता त्यांना तिथून पश्चिमेकडे हलवण्याची भाषा सुरू झाली होती. जंगली तांदळाची तळी सोडणं म्हणजे अन्न सोडणं होतं. प्रमुखांचं एक शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेलं. बर्च झाडाच्या सालीवर काढलेला अर्ज त्यांच्याबरोबर होता. त्यात सगळ्यात पुढे क्रौंच, म्हणजे शिष्टमंडळाचा नेता ऑशकाबेविस. मागे तीन मार्टेन, एक अस्वल, एक मत्स्यमानव आणि एक कॅटफिश. प्रत्येकाच्या डोळ्यातून एक रेघ क्रौंचाच्या डोळ्याकडे जाते आणि हृदयातून एक रेघ त्याच्या हृदयाकडे. सगळ्यांची नजर एक, मन एक. क्रौंचाच्या डोळ्यातून एक रेघ पुढे राष्ट्राध्यक्षांकडे जाते, दुसरी मागे तांदळाच्या तळ्यांकडे.

अर्ज मान्य झाला नाही. १८५० मध्ये स्थलांतराचा आदेश निघाला. लोकांना हलवण्यासाठी कराराचे पैसे आणि धान्य वाटण्याची जागा मिनेसोटातल्या सँडी लेकला नेण्यात आली. तिथे ते वेळेवर पोचलंच नाही. रोगराई, भूक आणि थंडीने त्या हिवाळ्यात शेकडो ओजिब्वे मेले, कित्येक तर घरी परतताना वाटेतच.

१८५२ मध्ये लून कुळाचे वयोवृद्ध प्रमुख केचेवाइश्के पुन्हा वॉशिंग्टनला गेले आणि राष्ट्राध्यक्ष मिलार्ड फिलमोर यांना भेटले. आदेश मागे घेण्यात आला. १८५४ च्या ला पॉइंट करारात त्यांच्याच भूमीवर राखीव क्षेत्रं मिळाली. त्यांचे वंशज आजही तिथे राहतात, तळ्यांमध्ये होड्या घालून तांदूळ काढतात, आणि रीतसर ओळख करून देताना आपलं नाव, कुळ आणि गाव सांगतात.