चार इंचांचे उड्डाण

फ्लोरिडातील केप कॅनव्हेरलच्या तळावर २१ नोव्हेंबर १९६० रोजी सकाळी मर्क्युरी-रेडस्टोन रॉकेटचे इंजिन पेटले. रॉकेट जेमतेम चार इंच उचलले गेले, इंजिन बंद पडले आणि ते पुन्हा आपल्या बैठकीवर येऊन टेकले. अंतराळयुगाच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा विनोद म्हणून सांगितला जातो. मला त्यात रेटा आणि वजन यांचे नाते फार उघडपणे दिसते.

हिशेब साधा आहे. इंजिनाचा रेटा सुमारे ३५ टन आणि इंधनासह रॉकेटचे वजन ३० टनांच्या घरात. वर नेण्यासाठी शिल्लक उरतात पाचेक टन, वजनाच्या सहाव्या हिश्शाएवढे. म्हणून सुरुवातीचे त्वरणही गुरुत्वत्वरणाच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. पुढे इंधन जळत जाते, वजन झपाट्याने घटते, रेटा मात्र जवळपास तोच राहतो. ५ मे १९६१ रोजी अ‍ॅलन शेपर्ड अशाच रॉकेटमधून गेला, तेव्हा चढताना त्याला स्वतःचे वजन सहापटींहून अधिक भासले. एवढे बळ अंगी असलेले वाहन निघताना मात्र असे रेंगाळते.

त्या दिवशी घात केला तो दोन केबलींनी. उड्डाणाच्या क्षणी नियंत्रणाची केबल आधी आणि विजेची नंतर सुटायची. नियंत्रणाची केबल लष्करी रेडस्टोनची, गरजेपेक्षा लांब होती. क्रम उलटला. विजेची केबल सुमारे २९ सहस्रांश सेकंद आधी सुटली. मघाच्या त्वरणाने पाहिले तर तेवढ्या वेळात रॉकेट फार तर एक-दोन सेंटिमीटर चढले असेल. पण तेवढ्यात भलत्याच वाटेने वीज वाहिली आणि इंजिन बंद करणारा रिले चालू झाला.

खरी गंमत पुढे आहे. इंजिन थांबले म्हणजे उड्डाण पुरे झाले, असे यानाने गृहीत धरले. माथ्यावरचा सुटकेचा मनोरा स्वतःच्या रॉकेटने आकाशात निघून गेला, पाठोपाठ पॅराशूट बाहेर पडले. यान स्वतः मात्र सुटले नाही. त्वरण जवळपास शून्य झाल्याशिवाय सुटायचे नाही, अशी त्याची योजना होती आणि जमिनीवर टेकलेल्या यानातील त्वरणमापक पूर्ण एक जी दाखवत होता. उपकरण खोटे बोलत नव्हते. आधाराचा रेटा आणि इंजिनाचा रेटा यांत त्याला फरक कळत नाही, एवढेच.

इंधनाने भरलेले रॉकेट उभे, वरून लोंबणारे पॅराशूट. वारा सुटला असता तर ते कोसळण्याची भीती होती. बंदुकीने टाक्यांना भोके पाडावीत, अशीही सूचना पुढे आली! उड्डाण संचालक ख्रिस क्राफ्ट यांनी ती फेटाळली. बॅटऱ्या उतरेपर्यंत आणि द्रवरूप ऑक्सिजन उडून जाईपर्यंत थांबायचे ठरले. दुसऱ्या दिवशी माणसे रॉकेटजवळ गेली. यान शाबूत होते. १९ डिसेंबरला ते दुसऱ्या रेडस्टोनवर चढवून उडवण्यात आले.