दहांत एक की चाळिसांत एक? ‘टेस्ट ट्यूब बेबी’च्या आकड्यांमागचा इतिहास

१/७
जपानमध्ये २०२२ साली जन्मलेल्या दर दहा बालकांपैकी जवळपास एकाचा जन्म आयव्हीएफ आणि तत्सम साहाय्यित प्रजनन तंत्रांमुळे झाला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये हे प्रमाण सुमारे तीन टक्के, तर अमेरिकेत सुमारे अडीच टक्के होते. तंत्र तेच असताना एवढी तफावत का?

२/७
विशेष म्हणजे या तंत्राचे पहिले यश ब्रिटनचेच. २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅम येथे लुईस ब्राउनचा जन्म झाला. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या या संशोधनाला ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९७१ मध्ये अर्थसाह्य नाकारले होते. पैशाचा प्रश्न प्रारंभापासूनच या तंत्राला चिकटलेला आहे.

३/७
इस्राएलमध्ये दोन अपत्ये होईपर्यंतच्या उपचारांचा भार सार्वजनिक आरोग्य विमा उचलतो. त्यामुळे तेथे या तंत्राचा वापर जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. अमेरिकेत मात्र एका उपचारचक्राला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येतो आणि विम्याचे नियम राज्यागणिक बदलतात. तेथील प्रमाण वंध्यत्वाइतकेच ऐपतीचेही निदर्शक आहे.

४/७
कायद्याचा प्रभावही तितकाच मोठा. इटलीने २००४ च्या कायद्याने दात्याच्या बीजाचा वापर निषिद्ध ठरवला आणि एका वेळी तीनहून अधिक भ्रूण तयार करण्यास मनाई केली. अनेक दांपत्यांनी स्पेनची वाट धरली. पुढे तेथील घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये तीन भ्रूणांची मर्यादा आणि २०१४ मध्ये दात्यांवरील बंदी रद्द केली.

५/७
टक्केवारीला छेदही असतो. जपानमध्ये २०२२ साली एकूण जन्म प्रथमच आठ लाखांखाली गेले. उशिरा होणाऱ्या विवाहांमुळे उपचारांची गरज वाढली आणि एकूण जन्म घटले. म्हणून प्रमाण दुहेरी वेगाने चढले. एप्रिल २०२२ पासून तेथे हे उपचार राष्ट्रीय विम्याच्या कक्षेत आले.

६/७
पैसा, कायदा आणि छेद यांखेरीज चौथी बाब म्हणजे नोंद. तिचे मोल भारताइतके क्वचितच कोणाला कळले असेल. लुईसनंतर दहाच आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून अशीच एक मुलगी जन्मली. पश्चिम बंगाल सरकारच्या समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

७/७
१९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांना यश आले व तेच भारतातील पहिले मानले गेले. पुढे आनंद कुमार यांनीच मुखोपाध्यायांच्या टिपणांचा अभ्यास केला आणि १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान त्यांना दिला. आयव्हीएफ केंद्रांवर राष्ट्रीय नोंदणीचे कायदेशीर बंधन मात्र २०२१ च्या कायद्याने आले. त्याआधीच्या चार दशकांतील असंख्य भारतीय जन्म कोणत्याही जागतिक तक्त्यात पूर्णपणे उतरलेले नाहीत.