अलकापुरी (बडोदे) : वस्ती आणि लोकसंख्येतील बदल

गुजरातमधील बडोदे (वडोदरा) शहरातील, रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेची वस्ती. नाव पुराणांतल्या कुबेराच्या अलका नगरीचे. अलकापुरी हे वेगळे नगर नाही, महानगरपालिकेच्या हद्दीतलाच तो एक भाग आहे. तरीही बडोदे कसे वाढले आणि वाढताना त्यातली माणसे कुठून कुठे सरकली, हे पाहायचे तर सुरुवात इथूनच करावी.

जुने शहर मांडवीभोवती, लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या आत होते. गायकवाडांच्या राज्यात आलेली मराठी कुटुंबे तिथे आणि लगतच्या रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांत स्थिरावली. पश्चिमेला विश्वामित्री नदी आणि तिच्या पलीकडे 1861मध्ये आलेला लोहमार्ग. शहराला या दोन्ही रेषा ओलांडायला बराच काळ लागला, कारण माणसेच वाढत नव्हती. 1901च्या जनगणनेत बडोद्यात सुमारे 1 लाख 4 हजार लोक होते. 1921मध्ये ते 95 हजारांच्या आसपास उरले. प्लेगचा आणि 1918च्या इन्फ्लुएन्झाचा तो काळ. सयाजीराव तिसरे यांच्या राजवटीत नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1916मध्ये बडोद्याच्या विकासावर आणि विस्तारावर अहवाल लिहिला, तेव्हा शहर प्रत्यक्षात आकसत होते. वाढ दिसत नसताना वाढीचा विचार करणारे असे राज्य दुर्मीळच.

स्वातंत्र्याच्या आगेमागे रुळांपलीकडे सोसायट्या उभ्या राहिल्या. अरुणोदय, अलकापुरी ही नावे त्या सोसायट्यांचीच. झाडे, अंगण आणि एकमजली-दुमजली बंगला अशी इथली घडण होती. जुन्या शहरातल्या पोळांतल्या, म्हणजे दाट गल्ल्यांतल्या, भिंतीला भिंत लागलेल्या घरांहून हे राहणे अगदी निराळे. मुख्य रस्त्याला रमेशचंद्र दत्त यांचे नाव आहे. बडोद्याचे दिवाण असताना ते 1909मध्ये याच शहरात वारले. जुने लोक मात्र अजून रेसकोर्स रोडच म्हणतात.

शहराच्या लोकसंख्येने खरी उसळी घेतली ती कारखान्यांमुळे. अलेंबिक 1907पासून होतीच. साराभाई केमिकल्स आणि ज्योती 1943मध्ये आल्या. 1949मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. पुढे 1962मध्ये खत कंपनी, 1965मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, 1969मध्ये पेट्रोरसायनांची आयपीसीएल. 1951ची 2 लाख 11 हजारांची वस्ती 1971मध्ये 4 लाख 67 हजारांवर आणि 1991मध्ये 10 लाख 31 हजारांवर गेली. चाळीस वर्षांत जवळजवळ पाचपट. 2011मध्ये ती 16 लाख 70 हजारांच्या घरात होती. चरोतरातले पाटीदार, फाळणीनंतर वारसियात वसलेले सिंधी, महाराष्ट्र, केरळ आणि उत्तर भारतातून नोकरीला आलेले तंत्रज्ञ आणि कामगार, असा हा मेळ आहे. राजकर्त्यांची भाषा बोलणारा मराठी समाज यात संख्येने मागे पडला, पण विरला नाही. 2018मध्ये 91वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले.

शहराच्या या वाढीत अलकापुरी उपनगर राहिली नाही, मध्यवस्ती झाली. जमिनीची किंमत चढली तसे बंगले उतरले. त्या जागी बँका, हॉटेले, दवाखाने, शोरूम आणि सदनिकांच्या इमारती आल्या. अनेक घरांतली मुले अमेरिकेत, कॅनडात गेली आणि मागे वृद्ध आईवडील राहिले. त्यामुळे इथली गर्दी बरीचशी दिवसाची आहे; दुकाने बंद झाली की ती आपापल्या घरी जाते. ही घरे आता गोत्री, वासणा, भायलीकडे आहेत. त्यांपैकी भायलीसारखी गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली ती 2020मध्ये. जनगणना माणूस राहतो तिथे मोजते. अलकापुरीचा खरा भार मात्र तो कामाला येतो तिथला आहे, आणि रस्ते, पाणी, वाहनतळ यांची आखणी करताना हे विसरून चालत नाही.

लोहमार्गाची जुनी रेषा अजून पुसलेली नाही. स्थानकाजवळचे अलकापुरी गरनाळे, म्हणजे रुळांखालचा बोगदा, हा शहराच्या दोन भागांना जोडणारा एक महत्त्वाचा दुवा आहे. जोराचा पाऊस झाला की त्यात पाणी भरते, वाहतूक बंद होते, आणि दांडिया बाजारातून अलकापुरीला निघालेल्या माणसाला मोठा वळसा घ्यावा लागतो.