वाहत्या कानाची कहाणी



"पोराचा कान वाहायचाच, मोठेपणी थांबेल," असं आपण घराघरांत ऐकतो. ठणका लागला की लसणीचं कोमट तेल घातलं, झालं! पण हे दुखणं साधं नाही. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस विकार सांगितले आहेत. त्यांत कर्णशूल आहे, कर्णस्रावही आहे. अडचण एकच होती. कानाच्या अंधाऱ्या बोळात बघायचं कसं?

१८५५ साली ट्रोल्च या जर्मन डॉक्टरांनी मधोमध भोक असलेला आरसा पुढं आणला. आरशानं कानात उजेड पाडायचा आणि भोकातून बघायचं. लाल, फुगलेला पडदा स्पष्ट दिसू लागला. तरी उपचार अवघडच होता. पू कानामागच्या हाडात, तिथून मेंदूपर्यंत जाई आणि मूल दगावे. १८७३ साली श्वार्ट्झ यांनी ते हाड कोरून पू काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. पुढं पेनिसिलीन आलं. १९५५ साली ते आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागलं.

आरसा मिळाला, औषध मिळालं. पण खेड्यातलं पोर डॉक्टरपर्यंत पोचणार कसं? या प्रश्नाच्या उत्तरात पालघरचं नाव आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघरला झाला. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा २०१४ साली झाला. या कार्यक्रमात तपासायच्या विकारांत मध्यकर्णाची सूजही आहे. आरोग्यपथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यावं, अशी योजना आहे. म्हणजे बोईसर-तारापूरकडच्या पाड्यावरच्या मुलाचा कानही शाळेतच तपासला जावा.

लहान मुलाच्या घशातून कानाकडं जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. म्हणून सर्दीपाठोपाठ कान दुखतो. सौम्य दुखण्यात डॉक्टर दोन-तीन दिवस वाटही पाहतात. गरज पडली तर औषध देतात, आणि ते सांगितले तितके दिवस पुरं करावं लागतं. वाहत्या कानात तेल, पाणी, काडी काही घालू नये. कानामागं सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि गुरुजी, एक विनंती. हाक मारूनही जो मुलगा मान वर करीत नाही, त्याला 'ढ' म्हणण्याआधी त्याच्या कानाची चौकशी करा. पथक वर्षातून एकदा येतं. आपण मात्र त्याच्यासमोर रोज उभे असता.