कवडीची साक्ष

'जवळ फुटकी कवडी नाही' असे आपण सहज म्हणतो. पण कवडीने सौदा झालेला आपल्यापैकी कोणी पाहिला आहे? चलन गेले, शब्द राहिला. चीनमध्ये हीच गोष्ट लिपीत घडली. तेथील कोशांत अक्षरे मूलचिन्हांनुसार लावतात. १७१६ च्या कांग्शी कोशात अशी २१४ मूलचिन्हे आहेत. त्यांपैकी 'बेइ' हे मुळात कवडीचे चित्र. धन, माल, कर्ज यांच्या परंपरागत अक्षरांत ते आढळते. 'वाटणे' या चिन्हाखाली कवडी लिहिली की 'दरिद्री' हे अक्षर होते. वाटण्या होत होत संपत्ती उणी झाली, असा त्याचा भाव.

ही नुसती कोशकारांची कल्पना आहे काय? १९७६ साली आन्यांग येथे राणी फू हाओची सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीची कबर उघडली, तेव्हा तीत सहा हजारांहून अधिक कवड्या निघाल्या. समुद्रापासून दूरच्या त्या भूमीत कवडीला केवढे मोल होते, हे यावरून दिसते.

१९५६ च्या लिपिसुधारणेत 'खरेदी'च्या अक्षरातून कवडी गळाली. 'दरिद्री'च्या अक्षरात मात्र ती सुटसुटीत रूपाने टिकून आहे. राजांचे पराक्रम ताम्रपटांत सापडतात. सामान्यांच्या देण्याघेण्याचा इतिहास आपल्याला अशा अक्षरांतच वाचावा लागतो.