नावांची वही आणि सहीचा दाखला

शाळेच्या कार्यालयातले जनरल रजिस्टर प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे असते. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस याबद्दल शंका आली, तर अखेरची खात्री तिथेच होते. विद्यार्थी शाळा सोडतो तेव्हा या रजिस्टरावरून दाखला लिहिला जातो आणि त्यावर मुख्याध्यापक सही-शिक्का करतात. परराज्यात जायचे असेल, तर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते. दूरची शाळा आपल्या मुख्याध्यापकांना ओळखत नाही. पण त्यांच्या सहीची ग्वाही देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदावर तिचा विश्वास असतो.

इंटरनेटचा व्यवहारही याच दोन गोष्टींवर चालतो. एक, नावांची नोंद आणि दुसरी, त्या नावाचा दाखला. पहिलीला डोमेन नेम म्हणतात, दुसरीला सुरक्षा प्रमाणपत्र. आज बँकेचे व्यवहार, परीक्षांचे अर्ज, शिष्यवृत्त्या आणि शाळांची संकेतस्थळे या दोहोंच्या भरवशावर उभी आहेत. हा भरवसा कसा तयार झाला, तो कुठे तुटला आणि तुटल्यावर काय केले गेले, याची हकीकत आम्ही येथे सांगत आहोत. शाळेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या शिक्षकाला तिचा थेट उपयोग आहे.

एकच वही

संगणकांना एकमेकांशी बोलण्यासाठी नावांची गरज नसते, क्रमांक पुरतात. नावे लागतात ती माणसांना. इंटरनेटचे पूर्वरूप असलेले अर्पानेट १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. त्यावरच्या प्रत्येक संगणकाचे नाव आणि क्रमांक एका यादीत लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधले एक माहिती केंद्र ही यादी सांभाळत असे आणि १९७२ पासून या केंद्राचे काम एलिझाबेथ फाइनलर या बाईंकडे होते. नवा संगणक जोडायचा असेल, तर केंद्राला कळवायचे. केंद्र यादीत नाव चढवी. मग जाळ्यावरचे सगळे संगणक ठराविक काळाने ती यादी उतरवून घेत.

शेकडो संगणक होते तोवर हे ठीक चालले. संख्या वाढू लागली तशा तीन अडचणी आल्या. यादी इतक्या वेगाने बदलू लागली, की उतरवून घेतलेली प्रत लगेच शिळी होई. एकच नाव दोघांनी मागितले, तर तंटा उभा राही. आणि सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून यादी घ्यायची म्हटल्यावर त्या ठिकाणावरचा भार असह्य होऊ लागला.

पत्ता शेवटून वाचायचा

तोडगा काढण्याचे काम जॉन पोस्टेल यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉल मॉकापेट्रिस यांच्यावर सोपवले. नोव्हेंबर १९८३ मध्ये मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम पद्धतीचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातला मुख्य विचार असा, की वही एकाच ठिकाणी ठेवायचीच नाही. तिची पाने वाटून द्यायची.

आपण पाकिटावर पत्ता लिहितो तेव्हा आधी माणसाचे नाव, मग गाव, तालुका, जिल्हा, राज्य असे लिहितो. टपाल खाते मात्र तो शेवटून वाचते. आधी राज्य, मग जिल्हा, मग गाव. महाराष्ट्राच्या मुख्य टपाल कार्यालयाला प्रत्येक घर माहीत असण्याचे कारण नाही. पुढचा टप्पा कोणता एवढे कळले की पुरे. डोमेन नावही असेच उजवीकडून डावीकडे उलगडते. समजा, एका महाविद्यालयाचा पत्ता ‘अमुक डॉट एसी डॉट इन’ असा आहे. सर्वांत वरच्या ‘मूळ’ संगणकाला फक्त ‘इन’ची वही कोणाकडे आहे ते ठाऊक असते. ‘इन’ची वही सांभाळणारा ‘एसी’बद्दल सांगतो आणि तिथून ‘अमुक’चा क्रमांक मिळतो. हा सगळा प्रवास बहुधा एका सेकंदाहून कमी वेळात होतो.

१५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या अमेरिकी कंपनीचे नाव ‘डॉट कॉम’मधले पहिले नाव म्हणून नोंदले गेले. भारताचे ‘डॉट इन’ १९८९ मध्ये आले. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ मिळू लागले, त्यामुळे मराठी नावाचा संपूर्ण पत्ता मराठी लिपीतच लिहिता येतो. सुरुवातीला नाव नोंदवायला पैसे पडत नसत. सप्टेंबर १९९५ पासून ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी वर्षाला ५० डॉलर आकार सुरू झाला. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. डोमेन नाव विकत मिळत नाही, ते मुदतीच्या भाड्याने मिळते.

या पद्धतीत एक उणीव मात्र राहिली. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळे, पण ते खरेच त्या वहीतून आले की वाटेत कोणी भलतेच उत्तर घुसडले, हे ओळखण्याची सोय मूळ आराखड्यात नव्हती. २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी अशी खोटी उत्तरे किती सहज घुसडता येतात ते दाखवून दिले, तेव्हा जगभरच्या कंपन्यांना एकाच वेळी आपली सॉफ्टवेअर दुरुस्त करावी लागली.

किल्ली कोणाची?

खात्रीच्या प्रश्नाचे उत्तर गणितातून आले. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली. एक किल्ली जाहीर, ती कोणालाही द्यावी. दुसरी खासगी, ती फक्त मालकाकडे. जाहीर किल्लीने बंद केलेला मजकूर खासगी किल्लीनेच उघडतो. दुसऱ्याच वर्षी एमआयटीमधल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणणारी पद्धत शोधली. या पद्धतीत खासगी किल्लीने सहीही करता येते आणि ती खरी की खोटी हे जाहीर किल्लीने कोणालाही पडताळता येते.

पण ही जाहीर किल्ली खरेच बँकेची आहे, की बँकेचे नाव लावून बसलेल्या चोराची? डिफी आणि हेलमन यांनी सुचवले होते, की सर्वांच्या किल्ल्या एका सार्वजनिक यादीत ठेवाव्यात. म्हणजे पुन्हा एकच वही आणि पुन्हा तीच गर्दी! १९७८ मध्ये लॉरेन कोनफेल्डर या एमआयटीच्या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधात यावर उपाय सांगितला. वहीतली एकेक नोंद सुटी करावी, तिच्यावर विश्वासू संस्थेने डिजिटल सही करावी आणि ती नोंद ज्याची त्याच्याकडेच द्यावी. मग दर वेळी वही उघडायला नको, सही पडताळली की झाले. या सुट्या नोंदीला त्याने प्रमाणपत्र म्हटले. आपला शाळा सोडल्याचा दाखला याच तत्त्वावर चालतो.

१९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये ही पद्धत आणली आणि इंटरनेटवर पैशांचे व्यवहार करणे शक्य झाले. विश्वासू संस्थांची यादी ब्राउझरमध्ये किंवा संगणकाच्या कार्यप्रणालीत आधीच भरलेली असते. तिच्यातल्या कोणत्याही संस्थेची सही ब्राउझर मान्य करतो.

सही करणाराच फसला तर?

या ‘कोणत्याही’ शब्दात धोका दडलेला होता. नेदरलँड्समधली डिजिनोटार ही अशीच एक विश्वासू संस्था. डच सरकारच्या सेवांनाही ती प्रमाणपत्रे देई. २०११ च्या उन्हाळ्यात तिच्या संगणकांत कोणीतरी शिरले आणि १० जुलैला गुगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र तयार केले. एकूण पाचशेहून जास्त खोटी प्रमाणपत्रे निघाली. संस्थेला जुलैतच घुसखोरी कळली होती, पण तिने ती जाहीर केली नाही. ऑगस्टच्या अखेरीस इराणमधल्या एका माणसाला ब्राउझरने धोक्याची सूचना दिली आणि प्रकरण उघडकीस आले. सुमारे तीन लाख संगणक-पत्त्यांवरून, बहुतेक इराणमधून, लोक हे खोटे प्रमाणपत्र खरे मानून व्यवहार करत होते. त्यांची खासगी पत्रे तिसराच कोणी वाचू शकत होता. पत्र वाचले गेल्याने तुरुंगात जावे लागेल अशी भीती जिथे असते, तिथे ही केवळ तांत्रिक चूक उरत नाही. तपासात आढळले, की संस्थेचा पासवर्ड कच्चा होता आणि सॉफ्टवेअर जुने होते. सप्टेंबरमध्ये डिजिनोटारचे दिवाळे वाजले.

भारतालाही याचा अनुभव आला. जुलै २०१४ मध्ये नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र विभागाकडून गुगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले. देशातल्या प्रमाणन संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियंत्रकांनी त्या विभागाचे अधिकार लगेच रद्द केले.

उघडी वही

उपाय निघाला तो वहीच्याच रूपाने. २०१३ मध्ये गुगलमधल्या संशोधकांनी असे सुचवले, की दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र एका सार्वजनिक नोंदवहीत चढवावे. या वहीत नोंद वाढवता येते. खोडता किंवा बदलता येत नाही, कारण तसे केले की गणिती पडताळणीत ते दिसून येते. एप्रिल २०१८ नंतर दिलेले प्रमाणपत्र या वहीत नसेल, तर क्रोम ब्राउझर ते स्वीकारत नाही. खोटे प्रमाणपत्र काढणे यामुळे अशक्य झाले नाही, पण लपवून ठेवणे फार अवघड झाले. आपल्या शाळेच्या नावाने कोणकोणती प्रमाणपत्रे निघाली, हेही आता कोणालाही पाहता येते.

डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था सर्वांना विनामूल्य प्रमाणपत्रे देऊ लागली. छोट्या संकेतस्थळांची मोठी सोय झाली. मात्र अशा प्रमाणपत्राचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. नाव ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच प्रमाणपत्र मागितले, एवढेच त्यातून सिद्ध होते. तो माणूस प्रामाणिक आहे असे नाही. ठगही नाव घेऊन त्याचे प्रमाणपत्र मिळवू शकतो. कुलपाच्या चिन्हाचा लोक भलता अर्थ लावतात हे पाहून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकले. म्हणून विद्यार्थ्यांना पत्ता उजवीकडून वाचायला शिकवावे. डावीकडे बँकेचे नाव आणि उजव्या टोकाला भलतेच डोमेन असेल, तर ती बँक नव्हे. याच कारणाने रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये देशातल्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन घ्यायला सांगितले. ते फक्त बँकांनाच मिळते.

मुदत संपली की

नाव आणि प्रमाणपत्र दोन्ही मुदतीची असतात आणि मुदत विसरण्याचा दोष मोठ्यांनाही चुकलेला नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे ३५ डॉलर भरले नाहीत आणि ऐन नाताळात हॉटमेलच्या ग्राहकांना आपली टपालपेटी उघडता येईना. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रामरने ते पैसे स्वतःच्या कार्डावरून भरले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. चोरी ७६ दिवस कळली नाही, कारण ये-जा तपासणाऱ्या यंत्रावरच्या प्रमाणपत्राची मुदत १९ महिन्यांपूर्वी संपलेली होती. ते नवे करताच संशयास्पद हालचाल दिसू लागली.

ही मुदत आता आणखी लहान होत चालली आहे. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणन संस्थांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे प्रमाणपत्राची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी आहे. हाताने नूतनीकरण करणे यापुढे जमणारे नाही. ते आपोआप होईल अशी व्यवस्था संकेतस्थळ ठेवणाऱ्याकडून करून घ्यावी, आणि ती खरेच चालते का हे अधूनमधून पाहावे.

शाळांसाठी आम्ही एवढे सुचवू. डोमेन शाळेच्या किंवा संस्थेच्या नावावर असावे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या किंवा एखाद्या शिक्षकाच्या नावावर ते असेल, तर तो व्यवसाय बंद झाल्यावर किंवा शिक्षक निवृत्त झाल्यावर नाव परत मिळवणे जिकिरीचे होते. नोंदणीला दिलेला ईमेल शाळेचा असावा आणि तो त्याच डोमेनवरचा नसावा. नाहीतर नावाची मुदत संपली की मुदतीची सूचना येणारी पेटीही बंद पडते. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. नाव दुसरीकडे हलवण्यावर नोंदणीदाराकडून कुलूप घालून घ्यावे. जुने डोमेन सोडून द्यायचे असेल, तर घाई करू नये. सोडलेले नाव कोणीही घेऊ शकतो आणि जुन्या पत्रकांवर छापलेला पत्ता पालकांना त्याच्या दारात नेऊन सोडतो. आणि या सर्व तारखा कार्यालयातल्या एका वहीत, किमान दोन व्यक्तींना माहीत असतील अशा रीतीने लिहून ठेवाव्यात.

वर्गात करण्यासारखा एक उपक्रमही आहे. ब्राउझरमध्ये कोणतेही संकेतस्थळ उघडून पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारली, की तिथून त्याचे प्रमाणपत्र पाहता येते. ते कोणाला दिले, कोणी दिले, कधीपासून कधीपर्यंत, आणि देणाऱ्याच्या सहीवर पुन्हा कोणाची सही आहे, हे विद्यार्थ्यांनी पाच संकेतस्थळांसाठी तक्त्यात भरावे. शेजारी शाळा सोडल्याचा एक कोरा दाखला ठेवावा आणि दोहोंतल्या कोणत्या रकान्यांचे काम सारखे आहे, ते त्यांनाच शोधू द्यावे.