अनुकूली बिनतारी जाळी, लष्करी

मनोरे किंवा मध्यवर्ती केंद्राविना आपसांत जुळणारी आणि परिस्थितीनुसार मार्ग, कंप्रता व शक्ती बदलणारी रेडिओ जाळी. प्रत्येक संच शेजाऱ्याचा संदेश पुढे पोहोचवतो. एखादा संच निकामी झाला, तर दुसरी वाट शोधली जाते. शत्रूने लहरी अडवल्यास कंप्रता भराभर बदलते. या कल्पनेचे मूळ 1970च्या दशकातील अमेरिकी ‘पॅकेट रेडिओ’ प्रयोगांत आहे.

रत्नागिरीचा किनारा या तंत्राची कसोटी पाहणारा आहे. अतिउच्च कंप्रतेच्या लहरी जवळजवळ सरळ जातात. सड्यावर 100 मीटर उंचीवरचा अँटेना व बोटीवरचा 9 मीटरवरचा अँटेना यांच्यातला पल्ला जेमतेम 53 किमी. खाडीत शिरलेली बोट तर डोंगराआड जाते; तिथे मधला दुवा लागतोच. पावसाळ्यात 10 गिगाहर्ट्झवरील लहरी क्षीण होतात. उलट समुद्रावरच्या दमट हवेच्या थरांत त्या अडकून कधी क्षितिजापलीकडेही पोहोचतात, त्यामुळे ठरावीक पल्ल्यावर विसंबता येत नाही.

2008च्या मुंबई हल्ल्यानंतर उभारलेल्या किनारी टेहळणी साखळीत गुहागर तालुक्यातील टोळकेश्वर दीपगृहावर रडार बसवले. मात्र ही साखळी स्थिर आहे. तिला अनुकूली म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. त्या दिशेचे ठोस पाऊल म्हणजे सॉफ्टवेअर-नियंत्रित रेडिओ. डीआरडीओची डेहराडूनची ‘डील’ प्रयोगशाळा, नौदल, भारत इलेक्ट्रॉनिक्स आदींनी विकसित केलेल्या अशा चार वाहिन्यांच्या जहाजी संचांसाठी संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी 2021मध्ये 1000 कोटी रुपयांहून अधिकचा करार केला.